आमची खासगी गर्दी

माणसाकडे थोडे पैसे साठले की त्याला सर्वांत आधी इतर माणसं नकोशी होतात. स्वतंत्र बंगला हवा, स्वतंत्र गाडी हवी, आजारी पडलं तर दवाखान्यात खोलीही स्वतंत्र हवी. आयुष्यभर बँकेच्या काउंटरपलीकडची गर्दी बघून निवृत्त झाल्यावर हा विकार मलाही जडला. प्रवास करायचा तर आपल्या वेळेनं, आपल्या अभ्यासानं आणि शक्यतो आपल्या एकटीसाठी रिकाम्या केलेल्या जगात. 'ग्रुप टूर' हे शब्द मी ज्या स्वरात उच्चारते, त्याच स्वरात माझ्या सासूबाई 'हॉटेलातलं' असं म्हणत.

माझ्या थोरल्या नणंदबाई, म्हणजे माई, यांचा मुलगा शांघायजवळच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्यानं आईला बोलावलं आणि "एवढ्या लांब एकटी कशी जाऊ?" म्हणून आईनं मला सोबत घेतलं. माईंना मुलाचं घर बघायचं होतं. गॅस कसला आहे, भांडी कोण घासतं, तुरीची डाळ मिळते का. मला चीन बघायचा होता, तोही अभ्यासपूर्वक. त्यासाठी मी ठाण्याहून निघतानाच एक फाइल तयार केली होती.

फाइलीचा विषय होता, कालव्यांवरची जुनी गावं. शांघायच्या पश्चिमेला यांगत्से नदीच्या त्रिभुज प्रदेशातली जमीन सपाट, सखल आणि तळ्यांनी भरलेली आहे. तिथल्या लोकांनी शेकडो वर्षं खपून कालवे काढले, त्यातला गाळ बांधांवर टाकला, बांधांवर तुती लावली, तुतीवर रेशमाचे किडे पोसले आणि तांदूळ, रेशीम जे काही विकायचं ते होडीत घालून नेलं. कालव्यांच्या काठांवर बाजार बसले आणि बाजारांची गावं झाली. झोउझुआंग, तोंगली, लुझी ही जियांग्सू प्रांतातली. वुझेन, शीतांग, नानशुन ही झेजियांगमधली. त्यातलं नानशुन माझ्या विशेष मनात भरलं होतं. तिथल्या रेशीमव्यापाऱ्यांची श्रीमंती लोक प्राण्यांच्या आकारानं मोजत. सर्वांत धनाढ्य ते चार हत्ती, त्यांच्याखालचे आठ बैल आणि त्यांच्याखालचे बहात्तर कुत्रे. म्हणजे त्या गावात कुणाला कुत्रा म्हटलं, तर तो खूश होऊन चहा पाजत असणार. हे मी माईंना वाचून दाखवलं. त्यांनी माझं पेन्शन मनातल्या मनात मोजलं आणि म्हणाल्या, "आपण त्यांच्यात झुरळं."

एका दिवसात चार गावं, असा माझा बेत होता. भाच्यानं कागद बघितला आणि काही न बोलता दोन गावं खोडली. राहिली झोउझुआंग आणि तोंगली. मग त्यानं तारीख बघितली.

"मामी, १ ऑक्टोबरला यांचा राष्ट्रीय दिन असतो. आठवडाभर अख्ख्या देशाला सुट्टी. त्या आठवड्यात घराबाहेर पडू नका."

"तुला नाही का सुट्टी?"

"सगळे सुट्टीवर गेले की मशिनं बंद असतात, तेव्हाच आम्ही ती उघडतो. जायचंच असेल तर मेट्रोनं झुजियाजाओला जा. सतरा नंबरची लाइन जाते. नाहीतर एखाद्या ग्रुपच्या बसमध्ये बसवून देतो."

"आपण खासगी गाडी करतोय ना?" मी म्हटलं. "मग गर्दीचा प्रश्न येतो कुठे?"

माझ्या फाइलीत मिंग आणि छिंग या दोन्ही राजवटींच्या सनावळ्या होत्या. राष्ट्रीय दिन १९४९ नंतरचा, त्यामुळे तो ऐतिहासिक विभागात बसला नव्हता.

सकाळी खासगी गाडी आली. ड्रायव्हर चाळिशीतला, हसरा, हिरव्या चहाची पानं तरंगत असलेली काचेची बाटली शेजारी ठेवलेला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला चिनीत नमस्कार आणि आभार एवढंच येत होतं. माईंना चिनी, इंग्रजी दोन्ही येत नसल्यामुळे त्यांना काहीच अडलं नाही. त्या त्याच्याशी सरळ मराठीत बोलू लागल्या. "बाळ, काही खाल्लंस का सकाळी?" त्यानं मान हलवली. माईंनी पिशवीतून डबा काढून त्याच्या हातावर चिवडा ठेवला. पुढे दिवसभर तो काहीही विचारायचं झालं की मागे वळून माईंनाच विचारायचा आणि माई मराठीत उत्तर द्यायच्या. मी फाइल घेऊन बसले होते.

चीनमध्ये या सुट्टीच्या आठवड्यात छोट्या गाड्यांना टोल माफ असतो. सरकारनं ही सवलत २०१२ साली सुरू केली. खासगी गाडी असेल तर गर्दी लागत नाही, असा सिद्धांत त्या सकाळी माझ्याप्रमाणेच शांघायमधल्या प्रत्येक गाडीमालकानं मांडला होता आणि आम्ही सगळे तो महामार्गावर एकत्र बसून तपासत होतो. शेजारच्या गाडीतल्या मुलानं आधी आम्हाला जीभ दाखवली, मग तो झोपला, मग उठला आणि पुन्हा जीभ दाखवली. आम्ही एकमेकांपासून हललो नव्हतो. माईंनी त्यालाही काचेतून चिवड्याचा डबा दाखवला.

महामार्ग सुटल्यावर ड्रायव्हरनं गाडी एका मोठ्या दुकानाशी थांबवली. हे दुकान माझ्या फाइलीत नव्हतं, पण त्याच्या फाइलीत असावं. आत रेशमाच्या रजया करत होत्या. तिथे एक गोष्ट कळली. कधी कधी दोन किडे मिळून एकच कोश विणतात. मग दोघांचे धागे एकमेकांत असे गुंततात की त्यातून सलग तंतू निघत नाही. हे कोश कापडाला चालत नाहीत. ते उकळून, ओले असतानाच ताणतात आणि चार बायका चार कोपऱ्यांना धरून त्याचा पातळ थर पसरतात. असे थरावर थर बसले की रजई होते.

"दोघीजणी एका गाडीत बसल्यावर होतं ते हेच," माई म्हणाल्या.

मी रजई घेतली. ठाण्यात रजई लागेल अशी थंडी कधी पडल्याचं मला आठवत नाही. पण चार बायका कोपरे धरून माझ्याकडे बघत होत्या आणि अभ्यासू प्रवाशानं स्थानिक हस्तोद्योगाला आधार द्यावा असं मीच फाइलीत लिहिलं होतं.

झोउझुआंगला पोचेपर्यंत जेवायची वेळ झाली. इ. स. १०८६ मध्ये झोउ नावाच्या एका गृहस्थानं आपली जमीन बौद्ध मंदिराला दान दिली, त्याच्या नावानं हे गाव ओळखलं जातं. दान देताना इतके लोक बघायला येतील याची त्याला कल्पना नसणार. गल्ल्या जेमतेम दोन माणसांच्या रुंदीच्या, एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला पाणी. मी पहिल्या गल्लीत शिरले ती स्वतःच्या पायांनी. त्यानंतर पायांची गरज पडली नाही. माझ्या नियोजनात जो पूल तिसरा होता तो आधी आला, जो पहिला होता तो आलाच नाही आणि एका पुलावरून मी दोनदा नेली गेले.

प्रत्येक दुकानात काचेमागे तपकिरी, चकचकीत, अख्ख्या तंगड्या मांडून ठेवल्या होत्या. डुकराच्या. ही या गावची ख्यातनाम डिश असून तिला शेन वानसान या चौदाव्या शतकातल्या महाश्रीमंत व्यापाऱ्याचं नाव आहे. कथा अशी की त्यानं नानजिंग शहराच्या तटबंदीचा एक तृतीयांश खर्च आपल्या खिशातून केला आणि उत्साहाच्या भरात बादशहाला म्हणाला, तुमच्या फौजेलाही बक्षिसी मीच देतो. बादशहा मिंग घराण्याचा संस्थापक. त्याला वाटलं, फौजेला पैसे हा देणार, मग मी कोण? शेनची रवानगी दूर युनानला झाली. त्याच्या वंशजानं १७४२ साली बांधलेला शंभरावर खोल्यांचा वाडा अजून उभा आहे. तो मी पाहिला असं म्हणता येईल. शंभर खोल्या भरतील एवढी माणसं माझ्यापुढे होती, मी त्यांच्या पाठी पाहिल्या.

जेवायला मी अभ्यासपूर्वक शाकाहारी हॉटेल शोधलं होतं. ते बंद होतं. दुसऱ्या हॉटेलात मी चित्रावर बोट ठेवून टोफू मागवला. टोफू आला, त्यावर खिमा पसरलेला. तो परत पाठवून मी पालेभाजीवर बोट ठेवलं. तीत खिमा नव्हता, मांसाचे तुकडे होते. माईंनी शांतपणे पिशवीतून चपाती आणि लोणचं काढलं. "तू बघ हो तुझं स्थानिक जेवण," त्या म्हणाल्या. मी कोरा भात खाल्ला.

मग होडी. झोउझुआंगच्या होड्या बहुतेक बायका चालवतात. निळ्या छापाचे कपडे, डोक्याला रुमाल. होडीच्या मागच्या टोकाला एकच लांब वल्हं असतं आणि ते पाण्याबाहेर न काढता डावी-उजवीकडे हलवत राहतात. होडी पूर्ण आमची, खासगी, असे पैसे मी मोजले होते. खासगी होडी धक्क्यावरून सुटली आणि पुढच्या खासगी होडीला टेकून थांबली. तिच्यापुढे आणखी एक होती. पुलाखाली महामार्गाचा दुसरा अंक सुरू झाला. आमच्या होडीवालीनं वेळ जावा म्हणून गाणं म्हटलं. गाण्याचे वेगळे पैसे असतात, हे तिनं गाणं संपल्यावर बोटांनी सांगितलं. माईंनी मान डोलावली, घसा साफ केला आणि तिला भोंडल्याचं एक अख्खं गाणं म्हणून दाखवलं. मागच्या-पुढच्या होड्यांतून टाळ्या पडल्या. होडीवालीनं हिशेब मिटल्याची खूण केली.

तेवढ्यात समोर जुळे पूल आले. मिंग काळातले दोन दगडी पूल काटकोनात एकमेकांना भिडलेले, एकाची कमान गोल, दुसऱ्याची चौकोनी. यांच्यासाठीच मी इथवर आले होते. चेन यिफेई हा शांघायचा चित्रकार १९८० साली अमेरिकेला गेला. त्यानं या पुलांचं चित्र काढलं, त्याला नाव दिलं गावच्या आठवणींचं. आर्मंड हॅमर या तेलसम्राटानं ते विकत घेऊन १९८४ साली डेंग शियाओपिंगना भेट दिलं आणि तोवर कुणी न ऐकलेलं झोउझुआंग जगाला ठाऊक झालं. त्या चित्रात राखाडी भिंती, हिरवट पाणी आणि काळजाला हात घालणारी शांतता आहे. फाइलीच्या मुखपृष्ठावर मी तेच चित्र चिकटवलं होतं. आता पुलांकडे बघितलं. दगड दिसत नव्हते. माणसं दिसत होती, कमानीच्या आकारात. फोटो घ्यायला मी होडीत उभी राहिले. होडीवाली ओरडली, मागची होडीवाली ओरडली, पुलावरचे लोक हौसेनं ओरडले. मी बसले. तेवढ्यात काढलेल्या फोटोत माझा अंगठा आणि माईंचा अंबाडा आहे.

होडीतून उतरलो आणि माई गायब. मी फोन काढला. सकाळपासून त्यावर तिकिटं, नकाशा, पैसे, भाषांतर आणि अंगठ्याचे फोटो अशी सगळी कामं चालू होती. तो माझ्या डोळ्यांदेखत विझला. माईंचा फोन तर शांघायला उतरल्यापासून फक्त वेळ सांगत होता. घाबरायचं कारण नव्हतं. चीनमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात भाड्यानं मिळणाऱ्या पॉवर बँकांची पेटी असते. पेटीवरचा चौकोनी कोड फोननं टिपायचा की पॉवर बँक बाहेर येते. फोननं टिपायचा. म्हणजे ज्याचा फोन चालू आहे, त्यालाच फोन चालू करता येतो. बँकेत असताना आम्हीही कर्ज याच तत्त्वावर देत होतो, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. पर्समध्ये शंभर युआनच्या नोटा होत्या. दुकानदारानं नोट उजेडात धरली, गल्ला उघडून तो रिकामा असल्याचं मला दाखवलं आणि नोट परत दिली. ड्रायव्हरचा नंबर फोनमध्ये होता. गाडी कुठल्या मैदानात उभी आहे, हे फोनमधल्या नकाशात होतं. फाइल गाडीत होती, रजईच्या खाली.

"काकू! रेंगाळू नका, पुढे चला!"

शुद्ध मराठीत मागून हाक आली आणि कुणीतरी मला दंडाला धरून रांगेत ढकललं. पुढे एका लांब काठीवर पिवळं निशाण फडफडत होतं आणि त्याच्यामागे डोक्यावर एकाच रंगाच्या टोप्या घातलेली पंचवीस-तीस मराठी माणसं चालली होती. टोपी नसलेली मी एकटीच. "टोपी कुठे हरवली?" रांगेच्या शेवटी असलेल्या पोरानं विचारलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारच्या बाईनं माझ्या हातावर तिखटमिठाची पुरी ठेवली. मी तोंडाचा दुसरा उपयोग केला.

निशाणामागे चालणं म्हणजे काय, हे मी आजवर लांबूनच पाहिलं होतं. आता आतून पाहिलं. निशाण वळलं की वळायचं, थांबलं की थांबायचं. स्वच्छतागृह कुठे ते निशाणाला माहीत. सावली कुठे तेही. गर्दी त्या काठीला बिचकून बाजूला होत होती. टूर मॅनेजर पुलाच्या पायरीवर उभा राहून त्या पुलाची माहिती सांगत होता आणि ती बरोबर होती. एका सनावळीत मला शंका आली, पण मी हात वर केला नाही. पोरगा मागून माणसं मोजायला लागला होता.

"सर, एक जास्त होतंय!"

"कमी का?"

"नाही सर, जास्त!"

टूर मॅनेजरच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. माणूस हरवला तर काय करायचं हे त्यांना शिकवलेलं असतं. वाढला तर काय करायचं, याचा नियम नसावा. त्यांनी पुन्हा मोजलं. मी दोन्ही वेळा मोजली गेले आणि दोन्ही वेळा दुसऱ्यांकडे संशयानं पाहिलं. शेवटी टोपीचा प्रश्न निघालाच. मी खाली बघून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही, हे फार वाईट झालं. "अहो, आधी बोलायचंत ना! चला, सगळे मिळून शोधू," पुरीवाल्या बाई म्हणाल्या आणि तो अख्खा जथा माझ्या खासगी नणंदेच्या शोधाला निघाला.

माई फार लांब नव्हत्या. एका चहाच्या घरात तीन चिनी म्हाताऱ्यांबरोबर बसल्या होत्या. झोउझुआंगला म्हाताऱ्या बायकांनी एकत्र बसून चहा पिण्याची जुनी रीत आहे. सोबत खारवलेली भाजी आणि चघळायला काहीबाही, घरच्या-दारच्या गप्पा, मोठमोठ्यानं. माईंच्या लोणच्याची बरणी मध्यभागी होती आणि त्यांची भाजी माईंच्या बशीत. "आलीस? बस," माई म्हणाल्या. मग दारातल्या मराठी जथ्याकडे बघून त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "सगळेच या."

सगळेच आले. एवढ्याशा खोलीत जो गलका झाला, त्यात बसून माझ्या ध्यानात आलं की चित्रातली ती शांतता या गावाची नव्हतीच. ती काही दशकांची मंदी होती. कालव्यांचा व्यापार आगगाडी आणि शांघायच्या बंदराकडे गेला. चहूबाजूंनी तळी असलेल्या झोउझुआंगला १९८०च्या दशकातही बराच काळ होडीशिवाय पोचता येत नव्हतं. कारखाने आले नाहीत, म्हणून जुने वाडे पाडायला कुणाकडे पैसा नव्हता. पुढे रस्ते आणि पैसा येऊ लागल्यावर तोंगजी विद्यापीठाचे प्राध्यापक रुआन यीसान यांनी जुना भाग राखायची योजना आखून दिली, म्हणून ही गावं उरली. त्याआधीची कित्येक शतकं इथे काय होतं? होड्यांची कोंडी, पुलावर ढकलाढकली, घासाघीस, आरडाओरडा, आणि पैसेवाल्यांच्या वाड्यांसमोर तोंड उघडं टाकून उभी असलेली माझ्यासारखी बाई. बाजारासाठी बांधलेल्या गावात मी एकांत मागायला आले होते आणि तोही सुट्टीच्या दिवशी.

गाडी सापडली, कारण माईंनी सकाळीच तिचा नंबर तळहातावर पेनानं लिहून घेतला होता. "तुझी बॅटरी जाते, हात कुठे जातोय?" टूर मॅनेजरनं तो तळहात वाहनतळावरच्या माणसाला दाखवला आणि काम झालं. ड्रायव्हर चिवड्याचा रिकामा डबा धुऊन ठेवून वाट बघत होता.

तोंगलीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. इथली तुईसी बाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. रेन लानशेंग नावाच्या अधिकाऱ्यावर ठपका येऊन त्याला नोकरी सोडावी लागली, तेव्हा त्यानं १८८५ ते १८८७ या काळात ती बांधली, निवृत्त होऊन आपल्या चुकांचं चिंतन करण्यासाठी. मला तिची आज विशेष गरज होती. तिकीट खिडकी बंद झाली होती.

मग तीन पूल उरले. एक शांततेचा, एक भाग्याचा, एक आनंदाचा. लग्नाची वरात या तिन्हींवरून जाते आणि माणूस सहासष्ट वर्षांचा झाला की त्यालाही ते ओलांडायचे असतात. माईंची सहासष्टी कधीच होऊन गेली आहे. "राहिली होती, आज उरकून टाकते," म्हणून त्या पदर खोचून चढल्या. ड्रायव्हर त्यांचा हात धरून पुढे, मी गुडघा धरून मागे. शेवटच्या पुलावर एक खरोखरीची नवरी उभी होती. माईंनी तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. फोटोग्राफरला ते इतकं आवडलं की त्यानं माईंना पुन्हा करायला लावलं आणि मला हातानं बाजूला सारलं.

घरी पोचलो तेव्हा मध्यरात्र झाली होती. भाचा दारात उभा होता. "मामी, गर्दी होती का?"

"होती थोडी," मी म्हटलं.

ठाण्याला परतल्यावर फोटो टीव्हीवर लावून पाहिले. एकाही फोटोत आम्ही दोघीच नाही. प्रत्येकात अनोळखी चेहरे, पाठी, काठ्या, आइस्क्रीम. मी ते कापून बघितले. लोक कापत गेले की पूलही जातो. मग एक विचार आला आणि मी हातातलं सोडून दिलं. त्या दिवशी जुळ्या पुलांवरचे ते हजारो लोकही फोटोच काढत होते. वुहानमध्ये, चेंगदूमध्ये, कुठकुठल्या घरांत आत्ता लोक टीव्हीसमोर बसले असतील आणि विचारत असतील, होडीत उभी राहून आपल्या आयुष्यातला एवढा सुंदर फोटो बिघडवणारी ही बाई कोण? तेही मला कापायचा प्रयत्न करत असतील. करू देत. जमायचं नाही त्यांना. मी बरोब्बर कमानीच्या मधोमध उभी आहे.